माझ्या अर्जाचं शुद्धिपत्रक

मॅडमच्या घरी दोडक्याची भाजी करायची तर आधी प्रस्ताव लिहावा लागतो. फ्रिजवर एक दोनशे पानी वही असते, तिला दोरीनं पेन बांधलेलं. पानाचा डावीकडचा तिसरा हिस्सा मी दुमडून कोरा सोडते आणि उजवीकडे लिहिते : 'घरात तीन दोडके आहेत, उद्या जून होतील. तरी आज दोडका करण्यास हरकत नसावी. मान्यतेसाठी सादर.' खाली सही. मॅडम फिरून आल्या की चष्मा लावतात आणि कोऱ्या जागेत हिरव्या शाईनं 'मान्य' लिहितात. पटलं नाही तर 'चर्चा करावी'. चर्चा करावी म्हणजे दोडका बारगळला, हे मला महिन्याभरात कळलं.

मॅडम सरकारात सचिव होत्या. आता निवृत्त. सीवूड्सला एकट्या राहतात. मी बोनकोड्याहून बसनं जाते, त्यांचा स्वयंपाक आणि घर बघते. कामाला लागले त्या दिवशी 'सातवीपर्यंतच झालंय,' असं मी गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहिता येतं ना? मग लिही. मला तोंडी काही चालत नाही." वीस वर्षं पेन धरलं नव्हतं. परभणीकडचं गाव सोडलं तेव्हा अक्षरही तिथंच राहिलं असं वाटायचं. ते त्या वहीत परत आलं, आधी 'दोडका', मग 'कोथिंबीर', मग जोडाक्षरं. त्याचे उपकार कसे फेडावे मला कळत नाही. मी आपली पोळ्या पातळ लाटते.

सचिव म्हणजे नेमकं काय, हे मी एकदा विचारलंच. मला फक्त सोसायटीचे सेक्रेटरी माहीत, पार्किंगवरून ओरडणारे.

"मंत्री ठरवतात, सचिव लिहितो," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही कारकून होता?" बोलून गेले आणि जीभ चावली.

मॅडमना हसून हसून उचकी लागली. "मोठा कारकून म्हण. फाइल खालून चढत येते, प्रत्येक जण आपलं मत लिहितो. शेवटी मी मंत्र्यांना लिहायचं, साहेब, हे करू नका, आणि का करू नका. तरी ते करा म्हणाले, की मुकाट्यानं आदेश काढायचा."

"राग नाही यायचा?"

"यायचा. मग बदली यायची."

त्यांच्या खुर्चीमागं म्हणे एक लाकडी फळा असायचा. आधीच्या सगळ्या सचिवांची नावं, कधीपासून कधीपर्यंत. वरची नावं गोऱ्या साहेबांची, मग आपली माणसं, कुणी चार वर्षं टिकलेला, कुणी दोन महिन्यांत गेलेला. त्या खात्यात बाई पहिल्यांदाच आल्यामुळं रंगाऱ्यानं सवयीनं 'श्री' रंगवून ठेवलं होतं, पुढचं 'मती' त्याला चिमटून बसवावं लागलं. "त्या फळ्यावर मी कायम अंग चोरून बसलेय," मॅडम म्हणाल्या.

पॅसेजमध्ये एक शासन निर्णय फ्रेम करून लावलाय. मुलींच्या वसतिगृहांचा, मॅडमच्या सहीचा. मी तो रोज पुसते, त्यामुळं शेवटची ओळ तोंडपाठ : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.' त्याखाली सही. पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितात, तसं सरकारी कागदाच्या शेवटी हे लिहायचं असतं, अशी माझी पक्की समजूत झाली.

आता मुद्द्यावर येते. माझी मुलगी नववीत आहे. ती दहावीला बसायच्या आत मला बाहेरून दहावी द्यायची होती. घरी नवरा तळोज्याहून पाळी करून येतो, तो म्हणाला, दे की. पण फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. भावानं गावच्या शाळेत चार खेपा मारल्या. जुनी रजिस्टरं पेटीत आहेत, सोमवारी या. सोमवार येत होते, जात होते, आणि फॉर्मची मुदत महिनाअखेरीला संपत होती. नंतर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पोरगी माझ्यासोबत परीक्षेला.

मी मॅडमना म्हटलं, एक फोन करा ना.

"मी कुणाला फोन करत नाही. निवृत्त सचिवाचा फोन आला की लोक आधी घाबरतात, नंतर हसतात. अर्ज कर."

मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कुणाला कळत नाही. मग घरी बसून एकटीनं अर्ज लिहिला. मुख्याध्यापक महोदय, विषय, संदर्भ, सगळं. सवयीनं डावीकडं कोरी जागाही सोडली. रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलमधला फोटो ऐटीत मॅडमपुढं धरला.

त्या वाचता वाचता खाली बसल्या. "अगं, हे शेवटी काय?"

"राज्यपालांचं, मॅडम."

"राज्यपालांना माहीत आहे का, तू दाखला मागतेयस ते?"

मी मोबाइल खाली ठेवला. "पोलीस येतील का?"

"पोलिसांचं सांगता येत नाही. मुख्याध्यापकांना चक्कर नक्की येईल."

"परत मागवता येईल?"

"गेलेला कागद परत येत नाही. शुद्धिपत्रक काढायचं." सरकारचंही चुकतं, मग सरकार दुसरा कागद काढून सांगतं की पहिल्यात अमुक चुकलं. मॅडमनी एका आदेशात अख्खा तालुका शेजारच्या जिल्ह्यात टाकला होता. शुद्धिपत्रक निघेपर्यंत तिथल्या लोकांनी पेढे वाटून घेतले.

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

"चूक तुझी, सही तुझी, तर मजकूरही तुझा."

मी लिहिलं : 'माझ्या अर्जातील राज्यपाल यांच्याबाबतची ओळ वगळण्यात यावी. त्यांचा यात काही संबंध नाही. दाखला मलाच पाहिजे आहे.' मॅडमनी वाचून एक अक्षर बदललं नाही.

पुढचे दिवस मी दारावर टकटक झाली तरी दचकायची. आमची घरमालकीण, बोनकोड्याचीच जुनी, वेणीत अबोली माळून ओट्यावर बसलेली असते. तिला सगळं सांगितलं. "येऊ दे ना पोलीस," ती म्हणाली. "मी हाय ना इथं. च्या पाजीन नि परत लावीन. कागुद लिवलास म्हनून कोन पकडतं गो?" मला एवढा धीर आला, की त्या रात्री मी गॅस एकदाच तपासला.

मुदतीला चार दिवस उरले असताना पाकीट आलं. मी ते न फोडता मॅडमकडं नेलं. आत दाखला होता. सोबत माझाच अर्ज, त्याच्या कोऱ्या जागेत मुख्याध्यापकांनी लिहिलेलं : 'मान्य. दाखला सोबत जोडला आहे. शुद्धिपत्रक मिळाले, परंतु तोवर आम्ही घाबरून सर्व पेट्या उघडल्या होत्या. राज्यपाल महोदयांना आमचा नमस्कार सांगावा.'

मी नाचायचीच बाकी होते. मॅडम मात्र "हे बरं नाही झालं," म्हणाल्या. "साध्या अर्जावर व्हायला हवं होतं." मग दाखल्यावरून बोट फिरवत एका रकान्यापाशी थांबल्या. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.

"वडिलांनी विनंती केली होती?"

"कुणीच नाही केली. आठवी पलीकडच्या गावात होती. वर्गात दोघीच मुली होतो, दुसरीचं लग्न झालं. मी एकटी कशी जाणार? गुरुजींकडं ते आधीपासून छापलेलंच होतं."

"याचं शुद्धिपत्रक?" मीच विचारलं.

मॅडमनी दाखला घडी घालून पाकिटात ठेवला. मी वहीत लिहिलं : 'उद्या फॉर्म भरण्यासाठी इथल्या शाळेत जाणे आहे. येण्यास उशीर होईल. आजच दोन वेळचे करून ठेवते. मान्यतेसाठी सादर.' निघताना पाहिलं तर हिरव्या शाईत होतं : 'मान्य. मीही येते.'

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीपाशी रांग होती. मॅडम छत्री टेकून माझ्या मागं उभ्या. आतल्या बाईंनी माझे कागद घेतले, मग त्यांच्याकडं बघून विचारलं, "तुमचा फॉर्म कुठाय? तुम्ही कोण?"

मला वाटलं, आता सांगतील.

"मी यांच्यासोबत आलेय," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "इथं सही करा." मी पेन घट्ट धरलं आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं. मॅडम कानाशी वाकल्या.

"सावकाश. आणि राज्यपालांना मधे आणू नकोस."