ताईचं लव्हेंडर

भावोजींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी कपडे वाळत घालत होते. "नीला, ताई गेली गं," एवढंच ते बोलले. मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली, कारण वर्षभर ज्या फोनची धास्ती घेऊन मी वावरत होते, तो हाच होता... आता महिना उलटून गेलाय, तरी फोन वाजला की आधी नाव बघते, मगच उचलते.

ताई माझी थोरली बहीण, बोरिवलीला राहायची. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर तिला लव्हेंडरच्या तेलाचा नाद लागला. खोबरेलात त्याचे मोजके थेंब घालून ती केसांना लावायची, थंडीत बदामाच्या तेलातून हातापायांना. सोसायटीतल्या बायका मागायला आल्या की बजावायची, "नुसतं लावायचं नाही हं, आग होते. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांब." तिच्या घरात शिरलं की तोच वास यायचा आणि माझा अर्धा थकवा दारातच उतरायचा.

एका रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावत होती. थोड्या वेळात टाळू चुरचुरायला लागली, वास तर इतका उग्र की डोकं दुखायला लागलं. "किती घातलंस गं?"

"घालतेच आहे. ही बाटली भेसळीची आली यार, वासच नाही."

मी बाटली हुंगली. वास भपकन नाकात शिरला. "ताई, येतोय ना वास."

तिचे हात माझ्या केसांतच थांबले. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. कॉफी, हिंग, उदबत्ती... एकेक नाकाशी नेत राहिली. सर्दी नव्हती, काही नव्हतं. "ह्यांना सांगू नकोस इतक्यात," ती म्हणाली. मी त्याच संध्याकाळी भावोजींना सांगितलं.

तपासण्या झाल्या. मेंदूत, जिथून वास कळतो त्या नसेजवळच, गाठ निघाली. ऑपरेशनआधी केस काढले तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "केस येतील गं. नाक परत यायचं नाही." केस आले, मऊ आणि पांढरेशुभ्र. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर व्रण सोडून पुन्हा तेल सुरू झालं. मिश्रण तीच करायची, पण वाटी माझ्यापुढे धरायची. "तू हुंग आणि सांग, बास झालं का." दर खेपेला वाटी नाकाशी न्यायला मी उशीर लावायचे. आम्ही सख्ख्या बहिणी. आज मलाही वास आला नाही तर? एकदा तिनेच विचारलं, "घाबरतेस ना?"

"हो."

"मी पण. मला सारखं वाटतं, गॅस चालू राहिलाय आणि मला कळत नाहीये."

पुढे गाठ पुन्हा वाढली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयच काढला नाही...

परवा बोरिवलीला गेले. भावोजींनी ताईच्या उशीचा अभ्रा धुवायला टाकला नव्हता. तो माझ्यापुढे करत म्हणाले, "याला तिचा वास आहे का गं अजून? मला कळेनासं झालंय. इतकी वर्षं त्यातच राहिलो..." त्यांचा चेहरा बघून मी हुंगण्याआधीच "आहे" म्हणून बसले. मग भीत भीत अभ्रा नाकाशी नेला. आधी खोबरेलाचा वास आला... आणि त्याच्या मागून, अगदी पुसट, लव्हेंडरचा.

"खरंच आहे, भावोजी," मी म्हटलं.

त्यांनी अभ्रा माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा तिच्या उशीवर चढवला.