धाकट्याचा उलटा नमाज

माझा धाकटा भाऊ काहीतरी लपवतो, हे वस्तीने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. त्याची थोरली बहीण आहे मी. त्याची भुवई हलली तरी ओळखते. गाव जळाल्यावर सीमा ओलांडून आम्ही दोघंच इथे, निर्वासितांच्या वस्तीत पोचलो. एका इस्पितळाच्या धुलाईघरात तो चादरींना इस्त्री करतो, मी घड्या घालते. त्याचा हात सफाईदार, पण मागून कुणी गेलं की गरम इस्त्री घेऊनच गर्रकन वळतो. झोपतो भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. डॉक्टरीण म्हणाली, "मनात भीती बसलीय, त्याला बोलतं करायला हवं." तिच्यासमोर हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

वस्तीत वेगळीच कुजबुज. शुक्रवारी सगळे पत्र्याच्या खोलीत नमाजाला उभे राहतात आणि हा बाहेर थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवतो. कुणाला तरी खबर देत असणार! वस्तीचं बघणारे चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटी, या शुक्रवारी तो रांगेत दिसला नाही तर खोली सोडा. लोक घाबरलेत."

संताप झाला माझा. पण खरं सांगू? संशयाचा किडा माझ्याही डोक्यात वळवळत होता. रोज दुपारी हा चादरींच्या कोठीत शिरून आतून कडी लावायचा. कुणाला भेटतो, काय ठेवतो तिथे?

दुसऱ्या दिवशी मी आधीच कोठीत जाऊन गठ्ठ्यांमागे दडले. तो आला, कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि नमाजाला उभा राहिला. तोंड दाराकडे! नमाजाची दिशा तर नेमकी मागच्या भिंतीकडे.

माझा पारा चढला. "अरे, उलटा? शरम नाही वाटत?"

तो भिंतीला चिकटला. ओठ पांढरे पडले. दाराच्या कडीकडे बघत बोलला, "आपा, त्या दिवशी मशिदीत मी शेवटच्या रांगेत होतो. सगळ्यांनी डोकं टेकवलं आणि मागचं दार फोडून हत्यारं घेतलेली माणसं घुसली. अब्बा पुढच्याच रांगेत होते, ते उठलेच नाहीत. आता पाठीमागे दार असलं की माझं डोकं खाली जात नाही."

मला रडू आवरेना. याच्यावर पाळत ठेवायला मी गठ्ठ्यांमागे लपले होते!

चाचांना सगळं सांगितलं. म्हटलं, "तो रांगेत येईल. पण दारात मी उभी राहणार." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तरी हो म्हणाले.

शुक्रवारी धाकटा शेवटच्या रांगेत उभा राहिला. मागे दाराला पाठ लावून मी. गारठा होता, म्हणून हात शालीत घेतलेले. सगळी डोकी जमिनीला टेकली. याचं एकट्याचं वर. मान वळवून तो बघत होता, दाराकडे नाही, माझ्या शालीकडे.

मी दोन्ही हात बाहेर काढले आणि रिकामे पंजे उघडून दाखवले. त्याने ते नीट पाहिले, मग कपाळ टेकवलं.