कूलर बंद केल्यावर

दवाखान्यातून दिराचा फोन आला तेव्हा मी ह्यांच्यासाठी मुगाची पातळ खिचडी डब्यात भरत होते. "वहिनी, दादा गेले," एवढंच तो बोलला. मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं, सारिकाचा प्रयोग साधल्याचं कळलं आणि मग गेले... भेटायला येणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. वाटू दे. सुटल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

आमचे हे पिंपळगाव रेणुकाईचे, जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. डोक्यात एकच खूळ, लाकडाचा लगदा. शेताच्या बांधावरची सुबाभूळ तोडून आणायचे, तिचा लगदा करायचे आणि मला ऐकवत बसायचे. लगद्यात सेल्युलोज असतं, त्याच्या अंगाला हेमिसेल्युलोज चिकटलेलं. ते वेगळं काढलं की सेल्युलोजचा कापडासाठी चांगला धागा होतो, आणि नीट काढलं तर काढलेलंही वाया जात नाही. त्यासाठी ह्यांनी एक द्रावक शोधून बसवलं होतं. त्यात पाणी मोजून घालायचं, म्हणजे नुसतं हेमिसेल्युलोज विरघळतं. कमी पडलं तर दोन्ही विरघळतात, जास्त झालं तर काहीच विरघळत नाही. "तुझ्या भाकरीच्या पिठासारखंच आहे," म्हणायचे. मी म्हणायचे, मग एक भाकरी थापून दाखवा. ते मात्र कधी जमलं नाही.

प्रयोग साधला, परिषदेत मांडला, कौतुकही झालं. मग यकृताच्या दुखण्यानं अंथरूण धरलं आणि काम हसनाबादच्या सारिकाकडे गेलं, ह्यांची विद्यार्थिनी. तोच लगदा, तेच द्रावक, तेच माप, पण तिच्या हातून काही केल्या वेगळं होईना. कॉलेजात कुजबुज सुरू झाली, सरांनी आकडे जुळवून घेतले असतील. ज्यांनी आयुष्यात एक परीक्षानळी धड धुतली नाही, ते असं बोलत होते! मला संताप यायचा. ह्यांचं तर जेवणच तुटलं. एकदा म्हणाले, "अगं, मला मरायचं भेव न्हाई. पण लबाड ठरून न्हाई जायचं."

एका दुपारी कूलरसमोर त्यांचं ताट वाढलं. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात कूलरच्या दमट वाऱ्यानं भाजलेला पापड मऊ पडला. माझी चिडचिड सुरू झाली, ह्यांचं लक्षच नाही. पापड हातात धरून बघत राहिले... मग विचारलं, "सारिका प्रयोग करते त्या खोलीत कूलर चालू असतो का?"

असतो म्हणजे काय, ह्यांनीच पाठवला होता! पत्र्याखाली पोरगी उकडून निघेल म्हणून. स्वतः मात्र तिथंच दारं लावून घामाघूम होत काम करायचे. द्रावक हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मोजून घातलेल्या पाण्याचं माप बिघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कूलर पाठवताना मायेपुढे ते सुचलंच नाही. "पोरीचा प्रयोग मीच बुडवून राह्यलो की," म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. लगेच तिला फोन लावायला लावला. कूलर बंद कर, द्रावकातलं पाणी उडवून पुन्हा मोजून घाल, मग बघ.

थोड्या दिवसांनी सारिका कॉलेजातून रिक्षा करून तडक घरी आली, ती थेट पलंगापाशी. "सर, वेगळं झालं. बराबर झालं. परत करून पाह्यलं, तरी झालं."

ह्यांनी डोळे मिटले. "मंग मी लबाड न्हाई," एवढंच बोलले. त्या रात्री मागून घेऊन जेवले. पुढे दवाखान्यात न्यावं लागलं ते लागलंच, पण चेहरा शेवटपर्यंत निवांत होता.

परवा मी त्यांच्या त्या प्रयोगाच्या खोलीत गेले होते. दारं लावलेली, सारिकाच्या कपाळावरून घाम निथळत होता. "काकू, बाहेर बसा, आत लई उकडून राह्यलं," म्हणाली. मी आतच बसले. काम उरकल्यावर तिनं धुऊन काढलेलं सेल्युलोज माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं, पांढरंशुभ्र. ह्यांचा हातही त्याला लागला नव्हता, आणि तरी ते बराबर झालं होतं.