मेलेल्या मनुएलचा चारा

३ मार्च २०१७ रोजी ओदीलिया सिल्वेराला कळलं, की तिच्या कॅलिफोर्नियातल्या तुलारे इथल्या घरावर, चाऱ्याच्या थकलेल्या उधारीपोटी, कोर्टाच्या निकालानं ११,४६२ डॉलर ८० सेंटचा बोजा आहे. घराला गिऱ्हाईक ठरलं होतं, एकतीस तारखेला व्यवहार व्हायचा होता, आणि त्याच पैशातून ती मुलीच्या शेजारी लहानसं घर घेणार होती. बोजा निघाला नाही तर गिऱ्हाईक जाणार होतं.

बाई बहात्तर वर्षांची. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली आणि पुढं चाळीस वर्षं नवऱ्याबरोबर गाईंच्या धारा काढत राहिली. नवरा मनुएल २०११ साली गेला. घर त्याआधीच दोघांच्या नावच्या कुटुंब ट्रस्टमध्ये घातलेलं. तिचे कराचे कागद मी सव्वीस वर्षं करतो, म्हणून ती बोज्याचा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"मनुएलनं २०१४ साली चारा घेतला म्हणतात. वर गाई पाळतोय का तो?"

"दुसरा कुणी मनुएल सिल्वेरा असेल."

"असेल काय? पाच आहेत आमच्यात."

थोरल्या नातवाला आजोबाचं नाव, हा त्यांच्यातला रिवाज. त्यामुळे नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, टोपणनावंच चालतात. तिचा नवरा शिट्टी. दुसरा एक मनुएल कोंबडा. चुकून आलेलं टपाल त्यांच्या समाजाच्या पोर्तुगीज हॉलच्या काउंटरवर ठेवायचं, ज्याचं तो उचलतो.

"कोर्टाचं पाकीट आलं होतं का?"

"आलं होतं. सही करून घेतलं, हॉलवर ठेवलं. कोंबड्याचंच असणार, चारा उधार तोच घेतो."

"सही कशाला केलीत?"

"पोस्टमन उन्हात उभा होता."

त्या सहीवरून चारावाल्याच्या वकिलानं मनुएल इथंच राहतो असं धरलं होतं.

"पण घर ट्रस्टचं आहे ना?"

"ट्रस्टच्या नावात मनुएल आहे."

"ओदीलियाही आहे. मग अर्धाच बोजा का नाही?"



वकिलाला मृत्यूचा दाखला पाठवला. त्यानं कळवलं, की खऱ्या देणेकऱ्यानं उधारी आपली असल्याची नोटरीसमोर कबुली दिली तर बोजा लगेच उतरवतो. नाही तर कोर्टात जा, दोन महिने लागतील. म्हणून आम्ही हॉलवर गेलो. कोंबडा पत्ते खेळत होता. ओदीलियाच्या मुलीचा तो बाप्तिस्म्याचा धर्मपिता, म्हणून मुलीच्या आईला तो कोमाद्रे म्हणतो.

"कोमाद्रे, मी सही केली तर ते माझ्या गाई नेतील."

"नाही केलीस तर माझं घर जाईल. मग मी तुझ्याकडेच राहायला येते. धारा काढायला माणूस मिळेल तुला."

पत्ते खेळणारे हसले. तो हसला नाही.

"पाकीट मी बघितलं होतं," तो हातातल्या पत्त्यांकडे बघत म्हणाला. "उघडलं नाही. म्हटलं, शिट्टीचं असेल."

"शिट्टीला मरून तीन वर्षं झाली होती."

"तेव्हा डोक्यात नाही आलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. अठ्ठावीस तारखेला बोजा उतरवल्याचं वकिलाचं सोडपत्र काउंटीच्या कचेरीत नोंदलं, एकतीसला घर विकलं गेलं.

"आता बोजा गेला?" ओदीलियानं विचारलं.

"गेला."

"पण तो आमचा नव्हताच ना?"

"नव्हता."

"मग गेलं काय?"

मी कागद पुन्हा वाचून दाखवला. तिनं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नव्या घराची किल्ली कुठं मिळते ते विचारलं.

नोटरीचे पंधरा आणि नोंदणीचे वीस डॉलर ओदीलियानं भरले. दुधाचे पैसे आले की देतो, असं कोंबडा म्हणाला होता. ते पस्तीस डॉलर अजून यायचे आहेत.