थोरल्या सरांचा ऑनलाइन स्टुडिओ

आमच्या थोरल्या सरांइतका ऑनलाइन शिकवायला नालायक माणूस लातूर-नांदेडच्या पट्ट्यात दुसरा झाला नसेल. त्यांच्याकडून काही शिकण्यासारखं आहे हे कळायला मला दोन वर्षं लागली, तेव्हा माझी लायकी वाचकांनीच ठरवावी.

आमचं आर्किटेक्चरचं कॉलेज लातुरात, क्लासेसच्या गल्लीत. चहूकडे गुणवंतांचे हसरे फलक, आणि त्यात आमची पाटी इतकी दडलेली, की दर आठवड्याला एखादे पालक जिना चढून येऊन बायोलॉजीच्या बॅचची चौकशी करायचे. आमच्या डिझाइन स्टुडिओत मुलांनी इमारत कल्पायची, नकाशे काढायचे, मॉडेल करायचं. आम्ही शेजारी बसून चुका दाखवायच्या. पुढे ठरलं, तीन दिवस ऑनलाइन आणि दोन दिवस वर्गात. मी पुण्याहून शिकून आलेली, त्यामुळे साऱ्या स्टाफला हे तंत्र शिकवायचं काम आपणहून अंगावर घेतलं. सर पडद्यावर यायचे ते निव्वळ कपाळ म्हणून. कुणी नकाशा दाखवला की तांबड्या पेन्सिलीनं थेट पडद्यावरच दुरुस्ती करायचे. लॅपटॉप माझा होता. एकदा मी एका मुलाला भलत्या ठिकाणी जिना काढल्याबद्दल दहा मिनिटं झापलं, आणि मग लक्षात आलं की जिना सरांचा होता, आदल्या दिवशीचा. दुसऱ्यांदा तर मी आवाज बंद ठेवून पाऊण तास व्याख्यान झोडलं. शेजारी बसलेले सर सगळं ऐकत होते. "सांगितलं का नाही?" मी विचारलं. "मॅडम, तुम्ही लई मन लावून बोलून राहिल्या होत्या. मधी कशाला तोडायचं म्हटलं."

भूकंपानंतर नवी गावं वसत होती तेव्हा सर ऐन विशीत, साइटवर होते. घरांचे नकाशे लांबून कुठून तरी काढून यायचे. एका म्हातारीला सरांनी तिचं नवं घर दाखवलं, तर ती म्हणाली, "समदं चांगलं हाय बाबा, म्हैस कुठं बांधू?" "नकाशात गोठाच नव्हता, मॅडम," सर म्हणाले. हे मला त्यांनी केव्हाच सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

त्या वर्षी निलंग्याकडची एक मुलगी होती. दोन वर्षं क्लासेस करून डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून आमच्याकडे आलेली. नेमकी सत्राच्या शेवटी आजारी आजीपाशी तिला गावी राहावं लागलं. ऑनलाइन तासाला तिचा कॅमेरा कायम बंद. मी तिच्या नावापुढे 'रस नाही' असं लिहिलं आणि तिला नापासांच्या यादीत टाकलं. नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण बंद करणार, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

सरांनी यादी वाचली. दुसऱ्या दिवशी तासाला पडद्यावर कपाळ आलं, पण मागे झाडं. सर एसटीनं तिच्या गावी पोचले होते. गावात रेंज जेमतेम आवाजापुरती, म्हणून दोघं मॉडेल उचलून टेकाडावर चढले होते. "आता बघा," म्हणून त्यांनी फोन फिरवला. माती आणि ज्वारीच्या धाटांची अंगणवाडी होती, हातभर लांब. छप्पर उचलून ती पोरगी एकेक खोली समजावत होती. साठ मुलांसमोर मी म्हटलं, "माझी चूक झाली." या वेळी आवाज चालू होता.

ती पास झाली, शिकली, आणि गेल्या वर्षी तिच्याच गावात तिची अंगणवाडी खरीच उभी राहिली. सर तोवर निवृत्त होऊन नांदेडला मुलीकडे गेले होते, गुडघेदुखीनं घरी बसले होते. मी फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणाले, "फोटो नगं. तुम्ही जाऊन या, आन मला सांगा."

मी गेले. दिवसभर हिंडले, आणि संध्याकाळी फोनवर त्यांना दारं, खिडक्या, भिंतींचा रंग, सगळं सांगितलं.  मग सर हळूच म्हणाले, "आन दुपारी तीनला सावली कुठवर येती? लेकरं बसत्यात तिथवर येती का?"

मी बघितलंच नव्हतं.

"राहू द्या," सर म्हणाले, "लई झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा निलंग्याची एसटी धरली.