पाचही टप्प्यांची प्रत्यक्ष पाहणी केली

जो व्हिडिओ गेम त्या आठवड्यात जगातल्या कुठल्याही माणसाला शेवटपर्यंत खेळता येणं शक्य नव्हतं, तो मी शेवटपर्यंत खेळलो, असं मी लेखी कळवलं. खाली सहीसुद्धा केली.

गेम माझ्या पुतणीचा, प्रज्ञाचा. म्हणजे तिनेच बनवलेला. नागपूरची चांगली नोकरी सोडून ती वर्षभर नागभीडला घरी बसून हेच करत होती. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे ते गेम आठवतात? चौकोनी ठिपक्यांचा माणूस, उड्या मारत पुढे जायचं, समोर येईल त्याला गोळी घालायची, आणि तीनदा मेलं की पुन्हा पहिल्यापासून! अगदी तसाच. फक्त हिच्या गेममध्ये बंदूकवाला पैलवान नव्हता. मोहफुलं वेचायला निघालेली एक मुलगी होती, पाठीला टोपली आणि हातात गुलेल. पहिला टप्पा धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसरा बांबूचं रान, तिसऱ्यात वाघ, चौथ्यात तलाव आणि पाचव्यात काळ्या दगडांचा किल्ला.

प्रज्ञाचे वडील म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाचं सगळं आयुष्य नागभीड जंक्शनवर रूळ आणि झेंड्या सांभाळण्यात गेलं. त्याच्या जगात गाडी एक तर जाते, नाही तर थांबते. तिसरं काही नसतं. त्याने पोरीला सांगून टाकलं होतं, "एक साल मांगतलं, देलं. आता रविवारी माह्यासमोर गेम पयल्यापासून शेवटपर्यंत चालला पायजे. चालला त तुही मर्जी. मधात थांबला त सोमवारी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा."

म्हणून प्रज्ञाने मंगळवारी मला सिंदेवाहीला फोन केला.

"काका, मी पाचव्या टप्प्यात गुतली आहे. तुम्ही एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहा ना. कुठी अडकलं त लिहून पाठवा. तुम्ही त लहानपणी चॅम्पियन होते न?"

ही चॅम्पियनची अफवा मीच पसरवलेली. आमच्या गावात तेव्हा एका दुकानात तासावर गेम खेळायला मिळायचा, आणि तिथे मी रोज असायचो, हे खरं आहे. (मी वायर धरून बसायचो. वायर सोडली की चित्र जायचं. म्हणून सगळे मला आग्रहाने बोलवायचे.)

"चिंता करू नको बेटा," मी म्हणालो. "दोन दिवसांत रिपोर्ट देतो!"

पहिल्या संध्याकाळी मी अकरा वेळा मेलो. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर एक माकड बसलेलं होतं आणि ते माझ्या डोक्यात चिखलाचे गोळे हाणत होतं. मी उडी मारली की ते वर मारायचं, मी वाकलो की खाली. दुसऱ्या संध्याकाळी मी बायकोला, सुनंदाला, खोलीबाहेर पाठवलं, कारण ती हसत होती. तरी मेलो. तिसऱ्या संध्याकाळी चुकून दुसऱ्या टप्प्यात पोचलो आणि आनंदाच्या भरात खुर्चीवरून उठलो. तेवढ्यात रानडुकराने उडवलं.

आता मी कोण आहे ते सांगायला हवं. मी एका कार्यालयात कारकून आहे, आणि पाहणी अहवाल लिहिणं हे माझं काम. कुठे शेततळं खोदलं, कुठे रोपं लावली, कुठे मोरी बांधली, तर जाऊन पाहायचं आणि लिहायचं. यातलं ‘लिहायचं’ मला फार छान जमतं. जायचं राहून जातं. आमच्या तालुक्यात ‘रस्त्यात वाघ होता’ हे कारण कुणी खोटं म्हणू शकत नाही, कारण बहुतेक वेळा तो खरंच असतो!

तर मी हाताच्या सवयीने लिहून गेलो: ‘सदर खेळाच्या पाचही टप्प्यांची प्रत्यक्ष पाहणी केली. काम समाधानकारक आहे. त्रुटी आढळून आली नाही.’ नंतर वाटलं, फारच कोरडं झालं. म्हणून खाली जोडलं: ‘तलावाचा टप्पा विशेष उल्लेखनीय.’

प्रज्ञाचं उत्तर लगेच आलं. "काका, तलावाचीच धास्ती होती! तुम्ही ग्रेट आहात!" पुढे सात लाल बदाम. मला जराशी लाज वाटली. पण जेवण व्यवस्थित गेलं.

रविवारी सकाळी मी आणि सुनंदा नागभीडला पोचलो. वहिनीने कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या होत्या. दादा इस्त्रीचा सदरा घालून, चष्मा पुसून टीव्हीसमोर बसला होता, जणू काही साहेबांची गाडी यायची आहे. प्रज्ञाने टीव्हीला वायर जोडली. नीट बसली आहे का ते दोनदा तपासलं. मी मात्र मोठेपणाने म्हणालो, "घाबरू नको. मी पाहिलाय सगळा. लोणी आहे लोणी!"

खेळ सुरू झाला. तिने माकडाला दोन गुलेलीत गार केलं. (दोन! मला माकडाऐवजी स्वतःचीच कीव आली.) रान पार. मग झुडपातून वाघ आला, आणि दादा ताडकन पुढे सरकला.

"मारू नको! पाठ बी दाखवू नको! उभी राय!"

"तसंच आहे बाबा," प्रज्ञा म्हणाली. पडद्यावरची मुलगी वाघाकडे तोंड करून उभी राहिली. मग एक पाऊल मागे. अजून एक. वाघाने शेपटी हलवली आणि तो निघून गेला.

दादाने मागे रेलून वहिनीकडे पाहिलं. "पोरीनं बरोबर बनवलं वो," तो म्हणाला. वर्षभरात त्याने त्या गेमबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द! प्रज्ञाचे कान लाल झाले.

मग तलाव आला.

तलावात एक डोंगा होता. मुलगी त्यात बसली, डोंगा निघाला, आणि पाण्याच्या मधोमध थांबला. काठ चांगला दोन उड्या दूर. प्रज्ञाने उडी मारली. बुडुक! पुन्हा. बुडुक! तिसऱ्यांदा बुडुक, आणि पडद्यावर ‘खेळ संपला’.

फक्त माझ्या तोंडातल्या सांबारवडीचा कुरकुर आवाज येत होता.

"थांबली गाडी," दादा म्हणाला.

"नाई बाबा, जाते!" प्रज्ञा कळवळून माझ्याकडे वळली. "काकांनी पार केलाय हा टप्पा. काका, तुम्ही कसे गेले वो?"

खरं बोलायला ही जागा उत्तम होती. मी म्हणालो, "मी जरा... तिरपी उडी मारली होती."

"तिरपी?"

"हो. म्हणजे आधी मनात अंदाज घ्यायचा, मग तिरपी."

"मंग दाखव ना गा," दादा म्हणाला आणि त्याने रिमोटसारखं ते यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

आणि तीनदा मेल्यामुळे सुरुवात पहिल्यापासून! समोर धानाच्या बांध्या. धुऱ्यावर माकड. मी पहिल्यांदा मेलो तेव्हा म्हणालो, हात गार पडले आहेत. (मे महिना होता. नागभीडला.) दुसऱ्यांदा म्हणालो, चष्मा बदललाय. तिसऱ्यांदा ते यंत्रच उलटं करून पाहिलं.

"घरी बी असेच मरत होते," सुनंदा वहिनीला सांगू लागली. "तीन दिवस. दरवाजा लावून! मले त वाटलं, टीव्हीवर कोणाशी भांडून राह्यले."

"काका," प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तलाव पाह्यलाच नाई?"

"नाही," मी म्हणालो.

"मी त्या डोंग्याला काठापर्यंत ओढणारी दोरी बदलवली होती. जोडली गेली का नाई, तेच समजाव म्हणून तुम्हाला खेळाले सांगतलं होतं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त कॉम्प्युटरकडे वळली आणि खाली मान घालून टकटक करू लागली. दादाने चष्मा काढला.

"विलास, रूळ न पाहता सही केली तू?"

"दादा, चूक माझी आहे. तिला फॉर्म भरायला लावू नको. पाहिजे तर मी भरतो!"

"तुले कोन घेईन बँकेत?" वहिनी म्हणाली.

दादा सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागला. मी आयुष्यात इतका सरळ पाठीने कधी बसलो नव्हतो. शेवटी तो म्हणाला, "झेंडी दाखवणाराच झोपला अन् गाडी थांबली, त डायवरचा काय दोष? जोडली का वो बेटा दोरी?"

"जोडली बाबा."

"मंग चालव. पयल्यापासून."

यावेळी डोंगा मध्यावर आला तेव्हा वहिनीने झारा छातीशी धरला होता. डोंगा तिथून हलला, सरकत सरकत काठाला लागला, आणि दादाने "निंघाली!" अशी आरोळी ठोकली, जशी फलाटावर ठोकायचा. किल्ल्यात तर तो खुर्चीत बसलाच नाही. प्रज्ञाला ‘डावीकडे! आता वर!’ सांगत सांगत शेवटच्या दारापर्यंत गेला. दार उघडलं, मुलीने टोपली खाली ठेवली, आणि संगीत वाजायला लागलं. दादाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. फॉर्मचं नाव पुन्हा निघालं नाही.

मग पडद्यावर नावं वर सरकू लागली. कल्पना, प्रज्ञा. चित्रं, प्रज्ञा. संगीत, प्रज्ञाची मैत्रीण. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: ‘तपासणी: विलासकाका’.

माझा ऊर भरून आला. दादा उठला, टीव्हीजवळ गेला, चष्मा लावून त्या ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "बेटा, गेम एक नंबर आहे. फक्त इथी एक गलती राह्यली."