सांगतील तेवढंच लिहायचं

ताईचं काम सांगायला सोपं होतं. ज्यांना स्वतःच्या हाताने पेपर लिहिता येत नाही, त्यांचा पेपर तिने लिहायचा. कुणाला दिसत नसे, कुणाचा हात प्लास्टरमध्ये असे, कुणाची बोटं इतकी थरथरत की पेन धरवत नसे. ताईने प्रश्न वाचून दाखवायचा आणि समोरचा सांगेल ते उतरवायचं. सांगेल तेवढंच. चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिहायचं, अर्धवट सोडलं तर अर्धवट ठेवायचं. कपाळाला आठी घालायची नाही की "हं" म्हणायचं नाही, कारण तिच्या नुसत्या हुंकारावरून हुशार पोरं ओळखायची की आपली गाडी कुठेतरी घसरली.

कॉलेज साधंच होतं. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारे, संसारात शिक्षण राहून गेलेल्या बायका, कामावरून कमी केलेली माणसं, असे सगळ्या वयाचे लोक तिथे यायचे. तळमजल्यावर जिन्याला लागून विद्यार्थी मदत केंद्र होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला ताईची छोटी खोली. ताई स्वतः पूर्वी याच कॉलेजात शिकत होती. शेवटच्या वर्षाला वडील गेले, शिक्षण सुटलं, घरात खाणारी तोंडं होती, आणि केंद्रातल्या तेव्हाच्या सरांनी तिचं अक्षर पाहून म्हटलं, "एवढी परीक्षा उरकेपर्यंत बस." ती परीक्षा उरकली, पुढची आली. दादाचं लग्न झालं, भाची शाळेत जाऊन हायस्कुलात पोचली, आणि ताई अजून बसलेलीच होती. किती जण तिच्या अक्षरात पास होऊन गेले! तिच्या कानावरून हिशेब गेला, शुश्रूषा गेली, इतिहास गेला, यंत्रं गेली. सगळ्यातलं थोडं थोडं तिला यायचं आणि कशातलंच प्रमाणपत्र नव्हतं.

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं लिहून घरी आल्यावर तिच्यापाशी स्वतःचं वाक्यच उरत नसे. जेवायला बसली की वहिनी म्हणायची, "ताई, मीठ बरोबर पडलंय का? का तेही तोंडी परीक्षेत विचारायचं?" दादा हसायचा. ताईही हसल्यासारखं करायची आणि ताटात बघत राहायची. आई मात्र तिला सोडत नसे. दुखऱ्या गुडघ्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं ती रोज नव्याने सांगायची, आणि ऐकायचं काम ताईकडेच असायचं.

वेल्डर केंद्रात आला तो बायकोचा हात धरून. धिप्पाड गडी, मनगटं अशी की खुर्चीचा हात मोडेल. वर्षानुवर्षं त्याने टाक्या, पाइप, गेटं जोडली होती. एकदा बंद टाकीत उतरला, आत वायू साचलेला होता, पहिल्याच ठिणगीला भडका उडाला. जीव वाचला, डोळे गेले. त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिने मदत केंद्राच्या प्रमुख मॅडमना सरळ सांगितलं, "घरात बसून भिंतींशी भांडतात. इथे निदान माणसांशी तरी भांडतील."

आणि तो भांडलाच. कारखान्यातल्या सुरक्षेचा अभ्यासक्रम त्याने घेतला होता. ताई धडा वाचून दाखवायला लागली की मध्येच टेबलावर थाप मारायचा. "हे ज्याने लिहिलं तो कधी टाकीत उतरलाय का, ताई?"

"ते मला कसं माहीत असणार, भाऊ? पुढे वाचू?"

"वाचा. पण जरा मोठ्याने वाचा. तुम्ही म्हणजे देवळात बसल्यासारख्या वाचता."

तो स्वतः इतक्या मोठ्याने बोलायचा की पलीकडच्या वर्गातून दार लावून घ्यायचे. कारखान्यातली सवय, असं सगळे समजायचे. शिकून कामगारांना शिकवायला जायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. "माझ्यासारखा कुणी आंधळेपणाने आत उतरला नाही पाहिजे," तो म्हणायचा, आणि आपल्याच शब्दावर गडगडून हसायचा. ताईला तो आवडायचा. पण त्याचा तास झाला की तिचं डोकं तासभर घणघणत राहायचं.

परीक्षेच्या त्या आठवड्यात ताईचे रोज पेपर होते, सकाळी एक, दुपारी एक. आईचा खोकला वाढला होता, झोप धड होत नव्हती. वेल्डरच्या पेपराच्या दिवशी तिचा घसा बसला होता. त्यात नेहमीच्या खोलीत रंगकाम निघालं म्हणून त्यांना वरच्या मजल्यावरची एक चिंचोळी खोली दिली होती. टेबल भिंतीला टेकलेलं. ताईला बसायला जागा उरली ती त्याच्या डाव्या हाताला.

सुरुवातीचे प्रश्न सरळ गेले. मग एक मोठं गणित आलं. एका बंद खोलीत धूर भरलाय, पंखा मिनिटाला साठ घनमीटर हवा बाहेर टाकतो, तर खोली मोकळी व्हायला किती वेळ लागेल आणि कामगाराला आत कधी सोडावं. ताईने वाचलं. त्याने ओठ हलवत मनातल्या मनात हिशेब केला आणि सांगायला लागला, "लिहा. पंखा मिनिटाला आठ घनमीटर..."

ताईचं पेन थांबलं. जेमतेम एक श्वासभर. नियम असा होता की विद्यार्थ्याने मागितलं तरच प्रश्न पुन्हा वाचायचा. तो मागेल म्हणून ती थांबली. तो म्हणाला, "झालं लिहून?" आणि पुढे सांगत सुटला. त्या आठावर त्याने अख्खं उत्तर चढवलं. हा पंखा कुचकामी आहे, बदलायला हवा, बदलेपर्यंत खोलीला कुलूप लावावं, एकाही माणसाला आत पाठवू नये. इतका तळमळून सांगत होता की त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ताई लिहीत होती. आपण नीट म्हणालो ना साठ? बसलेल्या घशातून काय बाहेर पडलं, कोण जाणे. तिला आठवेचना. दोन ओळी वाचतानाही तिचे डोळे मिटायला आले होते, हे मात्र आठवत होतं. तिने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

तो नापास झाला. अगदी थोडक्या गुणांनी. विषयाच्या सरांनी त्याला कारण सांगितलं आणि तो काठी आपटत मदत केंद्रात आला. बायको मागून धावत होती.

"मला आठ वाचून दाखवलं!" त्याचा आवाज जिन्यावरच्या पोरांनीही ऐकला. "विचारा तुमच्या ताईला! आठच म्हणाल्या!"

मॅडमनी ताईला बोलावलं. "तू काय वाचलंस?"

"साठच वाचलं असणार."

"असणार म्हणजे?"

"माझा घसा बसला होता, मॅडम. मला झोप नव्हती. मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

"आणि त्याने आठ धरलं ते तुला कळलं होतं?"

"पहिल्याच ओळीत."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या वाईट नव्हत्या, त्याही थकलेल्याच होत्या. "तू खोटं तरी बोलायचंस गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता मी काय करू?" वेल्डरला पुढच्या सत्रात पेपर पुन्हा देता येईल असं ठरलं, आणि ताईला तोवर परीक्षेच्या कामातून काढून चौकशीच्या खिडकीवर बसवलं.

खरं सांगायचं तर खिडकीवर ताईला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला लाज वाटली. प्रवेश कधी सुरू, शौचालय कुठे, अमुक सर आलेत का, इतकंच लोक विचारायचे. कुणाचं वर्ष तिच्या पेनावर टांगलेलं नसायचं. घरी तिने काही सांगितलं नाही. ती लवकर यायला लागली तेव्हा वहिनीनेच ओळखलं. "काहीतरी झालंय," ती दादाला म्हणाली. "ताई आज दुसऱ्यांदा भात मागत होत्या."

खिडकीतून समोरचा व्हरांडा दिसायचा. वेल्डर वर्गाला जायला तिथूनच जायचा. एका संध्याकाळी शिपाई त्याच्या डाव्या बाजूने आला, "भाऊ, फरशी ओली आहे, थांबा," म्हणून ओरडला. वेल्डर तसाच पुढे गेला आणि घसरून भिंतीवर आदळला. शिपायाने धावत उजवीकडून त्याला धरलं, काहीतरी म्हणाला, तेव्हा वेल्डरने लगेच उत्तर दिलं. ताई बघत राहिली. मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. त्याचं ते मोठ्याने बोलणं. मान नेहमी एकाच अंगाला कलती ठेवणं. नेहमीच्या खोलीत ती त्याच्या उजवीकडे बसायची, आणि त्या दिवशी...

तिला मॅडमकडे जाता आलं असतं. केबिन चार पावलांवर होती. ती उठलीही. पण तिथे न जाता कँटीनमध्ये गेली. वेल्डर एका कोपऱ्यात खरचटलेलं कोपर दाबत बसला होता. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली.

"भाऊ, मी ताई."

"बोला. मलम लावायला आलात का?"

"डाव्या कानाने ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

त्याने चहाचा कप जोरात खाली ठेवला. "कुणी सांगितलं? माझे कान खणखणीत आहेत."

ताईने टेबलावर सांडलेला चहा पुसला.  मग तोच म्हणाला, पहिल्यांदाच खालच्या आवाजात, "भडक्यानंतर थोडं कमी झालं होतं. या वर्षी आणखी गेलं. माणसं बोलतात ते पाण्याखालून आल्यासारखं येतं."

"घरी माहीत आहे?"

"नाही. डोळे गेले तेव्हा बायकोने कामाच्या जास्त पाळ्या घेतल्या. आता कानही गेले म्हटलं तर ती काय करेल? खचेल. आणि तुमचं कॉलेज म्हणेल, बहिरा-आंधळा माणूस कुणाला काय शिकवणार." तो थांबला. "त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही हे मला पेपरातच कळायला हवं होतं. एवढा मोठा पंखा आणि आठ? पण पुन्हा वाचा म्हटलं तर तुम्हाला कळेल, म्हणून दामटलं पुढे. आता सांगून टाका मॅडमना. तुमची सुटका होईल."

"मी नाही सांगणार," ताई म्हणाली. तिला एवढंही बोलायचा कंटाळा आला होता. "तुमचं तुम्ही सांगा. आधी घरी. मी फक्त विचारायला आले होते."

तो लगेच काही सुधारला नाही. आठवडे गेले. समोरून जाताना तिच्या खिडकीपाशी थबकायचा, खाकरायचा आणि निघून जायचा. मनातून ताई त्याच्यावर चिडली होती. काही दिवस तर इतकी, की मॅडमच्या केबिनसमोरून न जाता ती मुद्दाम लांबून जायची, तोंडून निघून जाईल या भीतीने.

शेवटी एका सकाळी तो बायकोबरोबर आला आणि सरळ मॅडमकडे गेला. आत काय बोलणं झालं ते ताईने नंतर ऐकलं. बायको खचली वगैरे काही नव्हती, नुसती भडकली होती. "मी मेली रोज यांच्या डाव्या बाजूला झोपून बडबडते, आणि हे नुसते हं हं करतात!" ती मॅडमना म्हणाली. "मला वाटायचं ऐकतायत!" ती त्याला कान तपासायला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आवाजांनी आणि स्फोटाने कान गेला की 'स'सारखी बारीक आवाजाची अक्षरं आधी हरवतात. साठ म्हटलं तर आठच कानावर पडणार.

मॅडम स्वतः खिडकीवर आल्या. "चल, उद्यापासून परत ये परीक्षेला."

ताई म्हणाली, "थोडे दिवस इथेच राहू द्या ना."

"तुझ्याशिवाय आहे कोण मला?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं की अगतिकपणे, ते ताईला कळलं नाही. तिने एवढंच मागून घेतलं की यापुढे प्रत्येक आकडा वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मॅडमनी ते मान्य केलं. पेपर लांबायला लागले, ताईला रोज घरी जायला उशीर होऊ लागला, पण तिने तो नियम सोडला नाही.

वेल्डरने कानाला यंत्र लावून पेपर पुन्हा दिला आणि काठावर पास झाला. पुढे एका कारखान्यात आठवड्यातून एकदा नव्या कामगारांपुढे बोलायला जायला लागला. पहिल्यांदा जायच्या आदल्या दिवशी तो ताईच्या खोलीत आला, उजवी बाजू तिच्याकडे करून बसला. "तुमचं शेवटचं वर्ष राहिलंय म्हणे. देऊन टाका की. मी लिहितो तुमचा पेपर," आणि नेहमीसारखा गडगडून हसला.

ताईही हसली. "मला आता कुणाचीच परीक्षा नको, भाऊ. माझीसुद्धा."

त्या संध्याकाळी आई गुडघ्याला तेल चोळून पडली होती. ताई तिच्याजवळ बसली आणि कधी नव्हे ते तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. ती चिंचोळी खोली, तो बसलेला घसा, ते गणित. वेल्डर व्हरांड्यात घसरला तिथपर्यंत ती आली तेव्हा आई गाढ झोपली होती. वहिनी दारात भांडं पुसत उभी होती, कधीपासून, कुणास ठाऊक.

"मग?" वहिनीने विचारलं. "पुढे काय झालं?"

"सांगते नंतर," ताई म्हणाली. तिने आईच्या अंगावर पांघरूण ओढलं आणि तिथेच, आईच्या पायाशी, जरा आडवी झाली.